साडूंच्या काठीची टिप

आमच्या साडूंइतका कमी पूल खेळून पूलच्या काठीची इतकी सेवा करणारा माणूस अंबाल्यापासून अमृतसरपर्यंत शोधून सापडणार नाही. काठीच्या टोकाला चामड्याची नखाएवढी चकती असते, तिला टिप म्हणतात. टेबलावरच्या चेंडूला लागते ती तीच. बाकीचे लोक ती झिजली की बदलतात. साडू मनात आलं की बदलत, आणि त्यांच्या मनात ते दर आठवड्याला येई. साताऱ्याला त्यांच्या आईंना त्यांनी फोनवर सांगितलं, की मी हल्ली संध्याकाळी पूलला जातो. केंद्र सरकारच्या नोकरीतला मुलगा पुलाला जातो म्हणजे बांधकामावरच असणार, असं समजून त्या माउलीने 'पाण्याच्या कडेने जपून चाल रे बाबा' असा सल्ला दिला.

या वेडाचं मूळ त्यांच्या लेकीत आहे. तिची बारावी झाली, पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि उन्हाळा संपता संपता ती जाणार हे ठरलं. पोरगी जन्मापासून इकडे उत्तरेतच वाढलेली. तिला वडिलांचं मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती हिंदीत देते. आणि अलीकडे तर हिंदीतही फारसं देत नव्हती. मैत्रिणींबरोबर ती पूल खेळायला जायची. एके दिवशी चप्पल घालता घालता सहज म्हणाली, "बाबा, आप भी चलो ना." झालं! दुसऱ्याच दिवशी साडूंनी स्वतःची काठी विकत आणली. मला म्हणाले, "साडूभाऊ, ती जायच्या आत मला तिच्या जोडीला उभं राहण्याइतकं आलं पाहिजे. नाहीतर पोरगी आली कधी आणि गेली कधी, कळायचंसुद्धा नाही."

आता टिपा तीन प्रकारच्या, मऊ, मध्यम आणि कडक. पूल पार्लरच्या सरदारजींनी पहिल्याच दिवशी निकाल दिला होता, "अंकलजी, नए बंदे के लिए मीडियम, पक्का!" पण साडूंची सारी हयात ऑडिटमध्ये गेलेली. ज्यात कुणीच खोट काढत नाही त्यात मोठी खोट असणार, हे त्यांचं तत्त्व. डबीतली एकेक टिप ते आंबा दाबून बघावा तशी अंगठ्याने दाबून बघत. त्यांनी आधी मऊ घेतली. चेंडूवरून घसरू नये म्हणून टिपेला खडू लावतात, तो तिच्यावर छान बसे, पण चार दिवसांत ती चेपली आणि काठीच्या टोकावर कुत्र्याची छत्री उगवल्यासारखी दिसू लागली. मग कडक घेतली. ती चेपली नाही, पण तिच्यावर खडू ठरेना. एकदा अशी सटकली, की पांढरा चेंडू उडून शेजारच्या टेबलावरच्या एका गृहस्थांच्या कोल्ड कॉफीत पडला. साडू शांतपणे म्हणाले, "फोर्स बरोबर होता."

टिप बसवणं हा आणखी वेगळा सोहळा. जुनी खरवडून काढायची, नवीचा तळ घासून सपाट करायचा, मग डिंक लावून दाबून धरायची. पॉलिश पेपर संपला तेव्हा त्यांनी देवघरातली सहाण उचलली. आमच्या मेव्हणीबाई नुकत्याच न्हाऊन पूजेला आलेल्या. गंध उगाळायला बघतात तो सहाणेवर चामडं! "अहो, देवाच्या सहाणेवर?" त्या किंचाळल्या. "अगं, हिच्याइतकं सपाट या घरात दुसरं काही नाही," साडू म्हणाले. ती सहाण त्याच दिवशी त्यांच्या नावावर झाली आणि देवांसाठी साताऱ्याहून दुसरी आली. त्याच आठवड्यात त्यांचा अंगठा डिंकाने काठीला चिकटला आणि त्यांनी दूधवाल्याला दार उघडलं ते काठीसकट.

त्यानंतर मात्र लेकीने काठी धरायची असं ठरलं. दोघं बाल्कनीत बसायची. ती काठी उभी धरायची, हे टिप दाबून ठेवायचे. "बाबा, हिलना मत यार!" डिंक वाळेपर्यंत तिलाही जागचं हलता येत नसे, मोबाईलही हातात घेता येत नसे. मग ती बोलायची. मैत्रिणींचं बोलायची, हॉस्टेलचं बोलायची. एकदा म्हणाली, "वहाँ सब मेरी मराठी पे हँसेंगे." साडू मान वर न करता म्हणाले, "हसू देत. तू त्यांच्या हिंदीला हस." ती इतकी हसली, की टिप वाकडी बसली आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागलं.

अखेर मध्यम टिप अगदी झकास जमली. गोलाई सुरेख, कडा गुळगुळीत. साडूंनी लागोपाठ दोन चेंडू भोकात घातले आणि सरदारजींनी स्वतःहून चहा पाजला. पुढच्या रविवारी मी आमच्या पंचकुल्याच्या घरून त्यांच्याकडे गेलो, तर हे पक्कड घेऊन तीच टिप उपटत बसलेले! मी म्हटलं, "अहो, चांगली होती की!"

"होती," त्यांनी आतल्या खोलीकडे बघून आवाज खाली आणला. "पण आज पोरगी घरी आहे."

इतके दिवस मी या माणसाची चेष्टा करत होतो याचं मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला.

निघायच्या आदल्या दिवशी लेकीने सगळं एकटीने केलं. घासलं, चिकटवलं, कडा कापल्या. साडूंनी फक्त काठी धरली. मग दोघं खेळायला गेली आणि साडू रीतसर हरून आले.

परवा त्यांच्याबरोबर मी पार्लरला गेलो होतो. काठी हातात घेऊन पाहिली, तर टिप पार सपाट झालेली, कडा बाहेर आलेल्या, खडू लावला तरी घसरतो. "बदलायला झाली की ही," मी म्हणालो.

"झालीय ना. केव्हाच झालीय." त्यांनी काठी माझ्या हातून हळूच काढून घेतली आणि टोकावरून अंगठा फिरवला. "पण ही तिनं बसवलेली आहे हो. दिवाळीला येतेय ती. तोवर टिकेल ना?"

मला टिपांतलं ओ की ठो कळत नाही. पण मी ठासून सांगितलं, "टिकेल की! न टिकायला काय झालं?"