अनसिंगचा गार धूर

अकोल्याला गाडी बदलून वाशीमला उतरले, तेव्हा माझ्या पिशवीत चीजचे दोन डबे होते. वसतिगृहातली माझी मैत्रीण सुलोचना हिनं पत्रात एवढंच मागितलं होतं. तिचे बाबा कामठीला लष्करी मेसमध्ये खानसामा होते. आता निवृत्त होऊन अनसिंगला शेती बघत होते. तिची माय तापातून उठली होती, पण तोंडाची चव गेली होती. दोन घास घेऊन ताट सरकवायची. धुरावलेलं चीज आणि सॉसेज दिलं की आजारी साहेबांची भूक परतायची, असा बाबांचा अनुभव. तेच ते मायला करून घालणार होते.

एस.टी.तून दोन्ही बाजूंना तूर दिसत होती. शेजारच्या बाईनं मी कोणाकडची ते विचारलं. मी फारच थोडक्यात सांगितलं. तरी तिनं माझ्या ओंजळीत हरभऱ्याचे सोले (ओले दाणे) ओतले.

घर बौद्धपुऱ्याच्या टोकाला. परसात बाबांनी तेलाच्या पिंपाची धुरणी केली होती, खाली निखारे, वर जाळी. त्यात ते एरवी मासे धुरावायचे. पहिल्या डब्यातलं चीज त्यांनी मोठ्या आशेनं जाळीवर ठेवलं आणि थोड्याच वेळात ते वितळून निखाऱ्यांत ठिबकू लागलं. मेसमध्ये धुराची खोली आगीपासून लांब होती, ते आता त्यांच्या ध्यानात आलं. चीजला धूर हवा, आच नको.

ओसरीवर गोधडी पांघरून बसलेली माय सगळं बघत होती.

"अवो खानसामा," ती म्हणाली, "उंदराच्या बिळात धूर घालता, तो पलीकडून निंघते तवा गरम असते का?"

आधी का नाही सांगितलं, असं बाबांनी विचारलं.

"मले कोनं इचारलं?"

इकडे शेतात उंदीर माजले की भोक पाडलेल्या मडक्यात गोवऱ्या पेटवतात, मडक्याचं तोंड बिळाला लावून फुंकतात. दुसऱ्या तोंडानं निघेपर्यंत धूर जमिनीतच निवतो. बाबांनी तसाच लांब चर खणला. वर कौलं, कौलांवर चिखल. एका टोकाला मडक्यात बाभळीचा भुसा धुमसत ठेवला, दुसरं टोक पिंपाच्या बुडाशी नेलं, पिंपावर ओलं गोणपाट. फटीतून धूर फुटला की सुलोचना आणि मी चिखल थापायचो. हाताला काम मिळाल्यावर मला बोलणंही सोपं गेलं.

पहाटेच्या थंडीत दुसऱ्या डब्यातलं चीज आत गेलं. शेजारी मीठ-सोरा लावून मुरवलेल्या बोकडाच्या मटणाचे सॉसेज, बोकडाच्याच आतड्यात भरलेले, माळेसारखे टांगले. बाबा सारखे पिंपाला हात लावून बघायचे, मायच्या कपाळाला लावावा तसा. चीज वितळलं नाही. पिवळ्याचं बदामी झालं.

ऊन चढायच्या आत सगळं बाहेर काढलं. सॉसेज तव्यावर परतले. मी आधी खाल्लं आणि छान झालंय म्हणाले. मायनं चीजचा तुकडा तोंडात ठेवला. आम्ही तिघं तिच्याकडे बघत होतो.

"चुलीत पडलेला साबन हाय," ती म्हणाली.

मग सॉसेज चावून पाहिलं. "याले ना तिखट, ना मसाला. साहेब लोक हे खात होते? मंग गेलंच त्याइचं राज." तिनं पाण्याची चूळ भरली. "सारं तोंड बिघडवलं. सुलू, ठेचा आन. अन् भाकर."

ठेच्याशी तिनं अर्धी भाकरी खाल्ली. मग उरलेली.

"काय पाहून राह्यले?" ती बाबांना म्हणाली. "वाढा."

बाबांनी आणखी एक भाकरी मोडून तिच्या ताटात ठेवली आणि हात धुवायच्या निमित्तानं परसात गेले. बराच वेळ आले नाहीत.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून होते. दुसऱ्याच्या घरी पुढ्यात येईल ते छान म्हणायचं, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. माझ्या त्या 'छान'कडे तिथं कोणाचं लक्षही गेलं नव्हतं. नवऱ्याचा एवढा खटाटोप तोंडावर नापास करून बायकोनं पोटभर जेवावं, आणि त्यानं चराकडे पाठ करून सुखानं डोळे पुसावेत, असं घर मी पहिल्यांदाच पाहिलं.