पिल्लांचं कोमट पाणी

आंबलेल्या ताकाचा वास आला की तो रविवार आठवतो. लातूरहून शिकवणीच्या सुट्टीत गावी आले होते. भूकंपानंतर आम्ही राहिलो त्याच पत्र्याच्या शेडात आता कोंबडीची पिल्लं होती. पोटात चांगले जंतू वाढवणारी आंबूस पावडर माझे वडील, दादा, पिल्लांच्या पाण्यात कालवत होते, आणि पाण्यातून वाफ निघत होती. “दादा, गरम पाण्यात ते जंतू मरतात! पुडीवर लिहिलंय, वाचता येत न्हाई का?” मी शेजाऱ्यांसमोर ओरडले. “थंडी लई हाय गं, पिल्लं गारठतेत,” ते पुटपुटले. पहाटे माझ्या अंघोळीचं पाणीही त्यांनीच तापवलं होतं. आता दादा नाहीत. पावडर मी गार पाण्यातच कालवते. त्यांना खरंच वाचता येत नव्हतं, आणि ते मला ठाऊक होतं.