बापूचे तळपाय

जळगावच्या आमच्या पत्रकार कक्षात बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते, किस्से मात्र मुरत जातात! त्यातले निम्मे डायबेटिसचे, आणि त्यातही पुढे कोण? बापूच! हा विरोधी पेपरचा बातमीदार. आम्हा दोघांना शुगर निघाली एकाच वर्षी, पण कौतुक कायम त्याचंच.

*

मी कारल्याचा रस प्यायचो. बापू पत्रकार परिषदेतल्या जिलेब्या हाणायचा आणि रिपोर्ट नॉर्मल!

शेवटी मी त्याला पकडलंच. "तपासणीच्या आदल्या दिवशीच तू उपाशी राहतोस!"

"नाना, मतदानाच्या आदल्या दिवशी सगळेच साधे होतात!"

*

चैत्रात आम्ही सप्तशृंगी गडावर पायी निघालो. बापू अनवाणी! धुळ्यापुढे डांबर वितळत होतं आणि हा सतरंजीवरून चालल्यासारखा!

"काहीच भाजत नही नाना, देवीनी कृपा शे!"

बाया त्याच्या पाया पडत होत्या. मी बूट घालूनही दमलो आणि मागच्या जीपमध्ये बसलो. मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही!

*

परत आल्यावर बापूला ताप. जिलेबी बंद, तरी शुगर उतरेना. "ऊन लागलं असेल," म्हणाला.

माझा संशय वेगळाच होता. गडी नक्की लपूनछपून चपला घालून चालला! भर कक्षात मी त्याचा मोजा ओढला. "दाखव तळवे!"

तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला. भोवती लालभडक सूज, पू, वास.

"अरे, दुखत नाही?"

"काय दुखायचंय?"

तसाच रिक्षात घालून दवाखान्यात नेला.

*

"नसा बधिर झाल्यात, म्हणून जखम कळली नाही," डॉक्टर म्हणाले. "आणखी उशीर झाला असता तर पाय कापावा लागला असता. रोज आरशात तळवे बघायचे. लाली, सूज, पू दिसला किंवा ताप आला, की लगेच यायचं."

धावत आलेल्या वहिनींनी डोळे पुसले. "भाऊ, किती जीव लावता तुम्ही यांना!"

मी मान डोलावली. खुलासा कुणी मागितला तर द्यायचा!

*

पाय वाचला. वॉर्डात रोज पुढाऱ्यांची रांग, फळांच्या टोपल्या. मला बघवेना. डॉक्टर राउंडला आले तसे मी बूट काढले.

"माझेही तपासा. याला कळू दे, धडधाकट पाय कसे असतात!"

"डोळे मिटा. हा प्लास्टिकचा दोरा तळव्याला टेकला, की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटले. वाट पाहिली. आणखी पाहिली.

"डॉक्टर, सुरू करा की!"

मग बापूचाच आवाज आला, अगदी हळू.

"नाना... दोन्ही पाय तपासून झाले."