दिवेलागणीच्या आत

बोलता बोलता, वाक्य अर्धवट टाकून ते उठत. पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत, चष्मा खिशात ठेवत आणि म्हणत, "चला, दिवेलागणीच्या आत घरी." थंडीचे दिवस आणि घड्याळात जेमतेम चार वाजलेले. कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या आमच्या ऑफिसात ही चहाच्या दुसऱ्या फेरीची वेळ. समोरचा माणूस पुढच्या शब्दाची वाट बघत बसायचा, आणि हे तोवर जिन्यावर पोचलेले असायचे.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा वेळेचा पक्का माणूस असेल. लोक त्याची थट्टा करतात आणि काम अडलं की त्याच्याकडेच धावतात. पुण्याहून बदली होऊन आलेले हे गृहस्थ सकाळी झाडलोट चालू असतानाच येऊन बसत. दुपारी आम्ही डबे उघडायचो तेव्हा त्यांचं निम्म्याहून जास्त काम झालेलं असे. मीटिंग असली की आधी जाऊन खुर्च्या भिंतीला लावून ठेवत. "उभ्यानेच बोलू या. पाय दुखायला लागले की माणूस मुद्द्यावर येतो." आणि खरंच, एरवी बंगालच्या फुटबॉलपासून सुरू होणारे आमचे मुखर्जीदा त्यांच्यापुढे थेट कामाचं बोलत.

कोलकात्यात घाई करणं म्हणजे जवळजवळ असभ्यपणा. कुणाच्याही टेबलापाशी थांबा, "दादा, एकटू बोशून ना," जरा बसा ना, असा आग्रह ठरलेला. ते अगदी गंभीरपणे विचारत, "एकटू म्हणजे किती?"

मी कोल्हापूरची. आमच्या मजल्यावर मराठी अशी आम्ही दोघंच. ऑफिसात मी त्यांना सर म्हणायची आणि लिफ्टचं दार बंद झालं की काका. तेही लगेच "काय गं, जेवलीस का?" वर यायचे. पण घरचं काही बोलायचे नाहीत. मी आपलं ठरवून टाकलं होतं, माणूस शिस्तीचा आहे, पुणेरी आहे, विषय संपला.

वरच्यांनी एकदा त्यांना नव्या मुलांपुढे वेळेच्या नियोजनावर बोलायला उभं केलं. मुलं लिहून घ्यायच्या तयारीत. हे म्हणाले, "युक्त्या मागाहून सांगतो. आधी मला सांगा, वाचवलेला वेळ तुम्ही देणार कुणाला? कुणालाच द्यायचा नसेल तर कशाला जिवाचा आटापिटा करता? सावकाश करा की काम." मुलं हसली. मीही हसले. मला वाटलं, भाषणात टाळ्या घ्यायला लोक असं काहीतरी म्हणतातच.

मग संक्रांत आली. तिळगूळ घेऊन मी त्यांच्या घरी गेले. त्या दिवशी रस्त्यात मोर्चा होता, सगळ्या गाड्या अडकलेल्या, त्यामुळे माझ्यासारखा त्यांनाही उशीर झालेला. मी पोचले तेव्हा चांगलंच अंधारलं होतं. काका स्वतःच्या घराच्या बंद दारासमोर पायरीवर बसले होते. मांडीवर बॅग, हातात पाण्याचा पेला.

"किल्ली विसरलात का?" मी विचारलं.

"नाही गं. तुझ्या काकूने बाहेर बसवलंय. म्हणाली, साहेब घरी नाहीत, पाणी घ्या आणि उद्या या." त्यांनी पेला दाखवला. "पाणी द्यायला विसरली नाही बघ."

मी त्यांच्या शेजारी बसले. मग ते हळूहळू बोलले. काकूंची स्मृती जात चालली होती. आधी हिंदी गेलं, मग नावं गेली, मग मुलाचा चेहरा गेला. "पुण्यात मी घरी पोचायचो तेव्हा ती तुळशीपाशी दिवा लावत असायची. लग्न झाल्यापासून हेच. आता तिच्यापाशी तेवढंच उरलंय. दिवा लावताना दारात येईल तो आपला नवरा. अंधार पडल्यावर येईल तो परका."

"मग इकडे बदली कशाला घेतलीत, काका?"

"ही घेतली नसती तर नोकरी गेली असती. औषधपाणी कसं चालवायचं? येण्याआधी मी सगळं बघून ठेवलं. डॉक्टर पाहिले, तळमजल्यावरचं घर पाहिलं, दिवसभर सोबतीला बाई पाहिली. आणि सूर्य पाहायचा राहिला." ते स्वतःशीच हसले. "पुण्यात थंडीतही सहापर्यंत उजेड असतो. इथे पाच वाजत नाहीत तोच अंधारायला लागतं. सगळीकडे घड्याळ एकच, म्हणून दिवसही एकच धरून चाललो. पहिल्या थंडीत पोचलो तर दिवा लावून झालेला आणि दाराला कडी. सगळ्या गावाला वेळेचं शिकवणारा मी!"

आतून सोबतीच्या बाईने आवाज न करता दार उघडलं. मालती तिचं नाव, मुलूख कोलकात्याजवळच्या बजबजकडचा. काकूंना मराठीशिवाय काही कळेनासं झालं होतं, म्हणून बिचारी 'जेवा', 'बसा', 'नीज आता' एवढं मराठी शिकली होती. काकूंना झोप लागली होती. काका चपला हातात घेऊन स्वतःच्या घरात शिरले. तिळगूळ माझ्या पिशवीतच राहिला.

त्यानंतर मी चार वाजता कधी त्यांच्याकडे काम नेलं नाही. उन्हाळ्यात दिवस लांबला की ते जरा माणसांत येत. चहाच्या दुसऱ्या फेरीला थांबत, सिंगाडा म्हणजे इथला समोसा खात, मुखर्जीदांचा फुटबॉल ऐकून घेत. दुर्गापूजा आली की सगळं शहर आनंदाने वेडं होतं. काका मात्र तेव्हापासून खिडकीकडे बघायला लागायचे. ऊन समोरच्या इमारतीवरून खाली सरकायला लागलं की त्यांचं बोलणं तुटक व्हायचं.

त्यांच्या इथल्या शेवटच्या थंडीत एक दिवस चार वाजले आणि ते उठले नाहीत. आम्ही सगळे कामाचं नाटक करत त्यांच्याकडे बघत होतो. शेवटी मुखर्जीदाच गेले. "दादा, बाडी जाबेन ना?" घरी नाही का जायचं?

"आज घाई नाही," काका म्हणाले. इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी सगळे त्यांच्या मागे लागले होते, ते ऐकून कुणालाच बरं वाटलं नाही.

मी त्यांना बाहेर घेऊन आले. "चार दिवस झाले," ते म्हणाले, "उजेडात जातोय, दिव्याच्या आधी जातोय, तरी ओळखत नाही. आता कितीला जाऊ, सांग." मला रडू आलं. ते रडले नाहीत. मी म्हटलं, "चला, मी येते बरोबर."

होळीच्या आधी नोकरी सोडून ते काकूंना पुण्याला घेऊन गेले. त्यांच्या जागी आलेला मुलगा कामाला चांगला आहे, रात्री नऊपर्यंत बसतो आणि वरच्यांना त्याचं कौतुक आहे. चार वाजले की माझं अजूनही कामात लक्ष लागत नाही. मग त्या दिवशीचं त्यांचं घर आठवतं.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन पुरतं गेलं नव्हतं. काकू गॅलरीतल्या तुळशीपाशी निरांजनात वात घालत होत्या. बरोबर बाईमाणूस दिसलं म्हणून की काय, त्यांनी हसून आत घेतलं. काका दाराशीच उभे राहिले. मालतीने गूळ-पाणी आणलं.

"हे अजून आले नाहीत," काकू म्हणाल्या. "पण येतीलच आता. वेळेचे फार पक्के आहेत. मला कधी ताटकळत ठेवलं नाही त्यांनी."

काकांनी खाली बघितलं. मग चपला काढून बाजूला नीट ठेवल्या आणि विचारलं, "मी थोडा वेळ थांबलो तर चालेल?"

"अहो, हे काय विचारणं?" काकूंनी पदराने खुर्ची पुसली. "बसा ना. संकोच करू नका, घर आपलंच समजा."