ताईने पाणी बरोबरच घातलं होतं

सुमनताईच्या घरातली सोलरची बॅटरी मी बिघडवली आणि दोष तिच्या माथी मारला. ती गेल्याला काही आठवडे झाले. तिच्याविषयी लिहायला बसलो तेव्हा वाटलं, आधी हेच लिहायला हवं. नाहीतर पुढचं सगळं खोटं ठरेल.

ताई माझी मावसबहीण, माझ्याहून मोठी. निगडीत राहायची. दाजी निवृत्त झालेले, आणि ताई घरी मोटरच्या मशीनवर कंपन्यांसाठी कापडी हातमोजे शिवायची. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की मशीन बंद, आणि माल न्यायला आलेला टेम्पोवाला दारात. "अनिल, चाकणला एवढी मोठी यंत्रं सांभाळतोस, माझं हे एवढंसं चालव की रे," ती म्हणाली. मी मेन्टेनन्सचा माणूस. गच्चीवर पॅनल, घरात इन्व्हर्टर आणि जोडीने दोन बॅटऱ्या, असा बेत ठरला. खर्च कमीत कमी ठेवायचा होता, म्हणून मी एक बॅटरी नवी घेतली आणि दुसरी माझ्या घरातली जुनी, पुसूनबिसून आणून जोडली. दोन्ही चांगल्या आहेत, असं सांगितलं. जुनी बॅटरी सोबतच्या नव्या बॅटरीलाही खाली ओढते, हे मला ठाऊक होतं. चालेल काही दिवस, असं मनाशी म्हटलं…

ताईने मात्र ते सगळं जीव लावून शिकून घेतलं. ऊन चढायच्या आत ती ओल्या फडक्याने पॅनल पुसायची. बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचा कॅन तिने देव्हाऱ्यासारखा जपला होता. आमच्या बौद्ध घरात देव्हारा नाही, म्हणून दाजी चिडवायचे, "हिनं नवीन देव बसवलाय बघ." ती हसून म्हणायची, "बसवला तर बसवला, लाइट तर देतोय ना!" सोलर असलेल्या शेजारच्या बायकांना ती सांगायची, "मिक्सर ऊन असतानाच लावून घ्या गं, संध्याकाळी बॅटरीला छळू नका." आयुष्यभर मशीनवर वाकलेल्या या बाईला पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीतलं घरात सर्वांहून जास्त कळत होतं आणि त्याचा तोरा तिला शोभत होता.

मग एका गुरुवारी मशीन अर्ध्या शिलाईत थांबलं. मी गेलो, मीटर लावला. जुनी बॅटरी संपली होती आणि तिने नवीलाही सोबत नेलं होतं. दाजी शेजारी उभे, मुलगी प्रज्ञा दारात. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी विचारलं, "ताई, नळाचं पाणी तर नाही ना घातलंस?"

"नाही रे. कॅनमधलंच घातलं."

"मग जास्त घातलं असशील."

ती कॅनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "झालं असेल माझ्याकडून…"

दाजी म्हणाले, "तरी सांगत होतो, तुझं काम नाही ते. हात लावू नकोस परत." मी तोंड उघडलं नाही. पुढे दोन्ही बॅटऱ्या नव्या आणून बसवल्या. सिस्टीम उत्तम चालू लागली, पण तिची सगळी देखभाल दाजींकडे गेली. ताई त्या कोपऱ्यात झाडू मारतानासुद्धा जपून मारायची.

आमची शेवटची भेट तिच्याच घरी झाली. प्रज्ञाने तिच्यासाठी नवा मोबाइल आणला होता. ताईने तो खोक्यातूनही काढला नाही. "नको गं बाई, माझ्या हातून बिघडेल. विचार मामाला," म्हणाली, अगदी सहज, माझ्याकडे बघून हसत. मी चहा प्यालो आणि निघालो.

शिफ्ट सुरू असताना प्रज्ञाचा फोन आला. "मामा, आई गेली." हृदयविकाराचा झटका. पुण्यानुमोदनाला, तिच्या स्मरणासाठी सगळे जमले तेव्हा, मला बोलायला सांगितलं. ताई कष्टाळू होती, मायाळू होती, असं बोललो आणि खाली बसलो. तिथेही खरं सांगायला जमलं नाही.

माणसं पांगल्यावर घरात दाजी आणि प्रज्ञा दोघंच उरली. प्रज्ञा म्हणाली, "मामा, आईचा मोबाइल तसाच पडलाय. शेवटपर्यंत घाबरली बघ. तिला यंत्रातलं काही जमायचंच नाही." तेव्हा मात्र मला राहवलं नाही. जुन्या बॅटरीचं सगळं सांगून टाकलं.

दाजीच मला सोडवायला पुढे आले. "जाऊ दे राव. एका बॅटरीचं काय घेऊन बसलास आता."

"बॅटरीचं नाही, दाजी," मी म्हणालो. "तिला सगळं येत होतं. तुमच्या दोघांसमोर मी तिच्या तोंडून 'झालं असेल माझ्याकडून' असं म्हणवून घेतलं, आणि तिला ते खरं वाटत राहिलं. प्रज्ञा, तुझ्या आईने पाणी बरोबरच घातलं होतं. चूक माझी होती. तिच्या जिवंतपणी सांगायची माझी हिंमत झाली नाही… मला माफ करा."