सत्तावीस टँकर पाणी

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? – कळत नाही. थकलोय, एवढंच.

एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. तिसगावच्या पलीकडे एका खेड्यात शाळेच्या दोन खोल्या बांधायच्या होत्या. मी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा ओव्हरसियर, बांधकामावर देखरेख करणारा. काम रंगनाथ मिस्तरीला दिलं – जो खर्च होईल तो पावती पाहून द्यायचा, वर दहा टक्के त्याचे. अशा कामात सगळ्यांच्या मनात एकच शंका – खर्च फुगला की मिस्तरीचे टक्केही फुगणार. म्हणून नियम कडक. पावती नाही, तर पैसे नाहीत.

उन्हाळ्यात गावची विहीर आटली. नव्या बांधकामाला पाणी कमी पडलं तर भिंतींना चिरा जाणार – पण मारायचं कुठून? टँकरवाला काही पावती देईना. मिस्तरी माझ्याकडे आला. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आणा हो टँकर, मी मोजतो, बिलात धरतो. आणि मोजलेही – सत्तावीस. भिंतींना गोणपाटं लावून तो दिवसातून तीनदा पाणी मारायचा. मी रोज बघत होतो ना!

शेवटच्या बिलाला संस्थेची कमिटी बसली. अध्यक्षांनी पाण्याच्या रकमेवर बोट ठेवलं.

"बिगरपावतीचं पानी कुनाला इचारून आनलं रं?"

मिस्तरीनं माझ्याकडे पाहिलं. मला कायम करण्याचा कागद त्याच अध्यक्षांच्या सहीसाठी पडून होता – हे कारण म्हणून सांगत नाही, तेव्हा डोक्यात हेच होतं. मी बिलं चाळत राहिलो.

"कुनालाच न्हाई," शेवटी तो म्हणाला. "माजीच चूक झाली."

मग मीच लाल पेननं ती ओळ कापली. तिच्यावरचे दहा टक्केही वजा केले – अगदी काटेकोर. आपल्याच हातांची इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

रंगनाथ मिस्तरी पाण्यातसुद्धा पैसे खातो, असा आसपासच्या गावांत बोभाटा झाला. पुढं त्याला कुणी काम दिलं नाही. तो दुसऱ्यांच्या हाताखाली रोजानं जायला लागला. मी कायम झालो.

परवा त्या शाळेवरून जाताना उतरलो. भिंतीवरून हात फिरवला. इतक्या वर्षांत केसाएवढीही चीर नाही. सत्तावीस टँकर पाणी प्यायल्यात त्या भिंती. मी मोजले होते.