सात एक्सच्या आधीचं शून्य

आई मंगळवारी गेली. सकाळी तिनं पप्पांचा डबा भरून दिला, माझी वेणी घातली, आणि दुपारी दवाखान्यात तिचं हृदय थांबलं. मी नववीत होते. त्याच दिवशी आमच्या वर्गात बहुपदींचा भागाकार शिकवायला घेतला होता, हे मला नंतर कळलं.

पप्पा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत कामाला होते. कंपनीची बस सकाळी सहाला उचगावच्या पुलाखाली यायची, म्हणजे डबा साडेपाचला तयार पाहिजे. आई गेल्यावर जयसिंगपूरहून आत्या आली. पप्पांची थोरली बहीण. तिचे गुडघे दुखायचे, त्यामुळे ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायची आणि मी ओट्यापाशी उभी असायची. दारात खुर्ची असली की बाहेर जायला वाट उरायची नाही. तिच्या मनात तसं काही नव्हतं. तिला तिथं वारा लागायचा.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गल्लीत मांडव घातला होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, बुद्धवंदना, मग भाषणं. पप्पांच्या एका मित्रानं माइकवर सांगितलं की वहिनींची एकच इच्छा होती, पोरगी शिकली पाहिजे. मग आईच्या नावानं गल्लीतल्या मुलांना वह्या वाटल्या. मी हे सगळं आतून ऐकत होते, कारण चहाचे कप धुवायचे होते. वह्यांच्या गठ्ठ्यातली एक उरली, ती मी उचलली आणि पिठाच्या डब्यामागं ठेवली.

जाताना बायका माझ्या गालावरून हात फिरवायच्या आणि एकच वाक्य बोलायच्या. ‘आता आईच्या जागी तूच गं बाय.’ मी मान हलवायची.

शाळा सोड असं मला कुणीही म्हटलं नाही. आमच्यात तसं कुणी म्हणत नाही. आमच्या घरात भांड्यांच्या फळीपेक्षा पुस्तकांची फळी मोठी होती. आत्या फक्त म्हणायची, ‘जरा थांब की. घराची घडी बसू दे.’ पहिल्या आठवड्यात मला ते पटलं. तिसऱ्या आठवड्यात मी विचारलं की घडी बसली म्हणजे कसं कळणार?

‘लई बोलाय लागलीस,’ ती म्हणाली. ‘मी सहावीत सोडली शाळा. माझं काय अडलं?’

तिनं का सोडली होती ते मी विचारलं नाही. ते मला माहीत होतं. आमची आजी गेली तेव्हा पप्पा चार वर्षांचे होते.

मग एका दुपारी आमच्या वर्गशिक्षिका बाईंचा फोन आला. त्या मोजकं बोलायच्या. ‘सहामाहीला तरी येऊन बस. बाकीचं नंतर बघू. एकदा खंड पडला की मुली परत येत नाहीत, मी पाहिलंय.’ परीक्षेला पंधरा दिवस होते. फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली. आई गेली तेव्हासुद्धा ती अशी नव्हती. तेव्हा सगळे माझ्याबरोबर होते. या भीतीत मी एकटी होते, आणि ती अगदी साधी होती: मी या परीक्षेला बसले नाही, तर पुढं रोज साडेपाचला हाच ओटा.

मराठी, इतिहास मी वाचून करू शकत होते. बीजगणित अडलं. पुस्तकात भागाकाराच्या दोन रीती होत्या. एक लांबलचक: भागायचं, गुणायचं, चिन्हं बदलून वजा करायचं, पुढचं पद खाली उतरवायचं आणि पुन्हा भागायला लागायचं. दुसरी संश्लेषक पद्धत, आखूड. तिच्यात अक्षरं बाजूला ठेवून नुसते सहगुणक, म्हणजे एक्सच्या आधीचे आकडे, ओळीत मांडतात. मी दुसरी धरली, कारण कुकरच्या तीन शिट्ट्यांत तेवढीच व्हायची.

गणित होतं x³ − 7x − 6 भागिले x − 3. मी आकडे मांडले: एक, उणे सात, उणे सहा. तीननं गुणत, मिळवत गेले. बाकी आली उणे अठरा. पुस्तकाच्या शेवटी उत्तर होतं, बाकी शून्य. पुन्हा केलं, उणे अठरा. सकाळी केलं, दुपारी केलं, हात धुऊन केलं, कणकेच्या हातानं केलं. वहीची सात पानं त्या एका गणितानं भरली आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तेच उणे अठरा.

‘काय करालीस गं आत?’ आत्या दारातून विचारायची.

‘भागाकार.’

‘तो चौथीतच झाला न्हवं तुझा?’

तिच्या ओळखीची एक बाई शेजारी बसलेली असायची, ती हसायची. मीही हसायची. वही परत डब्यामागं. तिला पिठाचा वास लागला होता.

परीक्षेच्या आधीच्या शुक्रवारी पप्पांची बदली सुट्टी होती. दुपारी जेवून ते पाणी प्यायला आत आले आणि ओट्यावर उघडी वही बघून थांबले. आई गेल्यापासून आम्ही दोघं एकमेकांशी भाजीपुरतं बोलत होतो. त्यांनी पानं मागं उलटली. एक, दोन, सात.

‘सगळीकडं तेच की.’

‘चुकतंय कुठंतरी. सापडत नाही.’

पप्पा दहावीला गणितातच राहिले होते, त्यामुळे ते काही सांगतील असं मला वाटलं नव्हतं. ते बोटानं ओळ वाचत गेले, जसं नकाशावर वाचतात. ‘ही घनाची. ही सात एक्सची. मग मधली वर्गाची कुठाय?’

‘त्या गणितात वर्गाचं पद नाहीच आहे.’

‘न्हाई ते कळलं. पण जागा? जागा तर लागंल की तिला.’

मला कळेना. पप्पा फाउंड्रीत कोअर शॉपला होते. कोअर हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता, पण म्हणजे काय ते कधी विचारलं नव्हतं. त्यांनी ओट्यावरचा तांब्या उचलला, त्यात मूठ घातली.

‘हे बघ. पंपाच्या आतनं पाणी जातंय ना? ती पोकळ वाट आम्ही करतो. वाळूची. तेवढ्या आकाराची वाळू घट्ट करायची, साच्यात मधोमध ठेवायची, मग रस ओतायचा. लोखंड गार झालं की वाळू फोडून काढायची. राहिली वाट. वाळू ठेवलीच न्हाईस तर?’

‘भरून जाईल.’

‘रसाला काय कळतंय? मोकळं दिसलं की शिरतंय. एकदा माझ्याच हातनं कोअर ठेवायचा राहिला. नग बाहेरनं एकदम झकास. हातात घेतला तर दगड. साहेब म्हणाला, पाणी काय तुझ्या डोक्यातनं सोडू?’

ते स्वतःशीच हसले. त्या मंगळवारनंतर मी ते हसू पाहिलं नव्हतं. मग त्यांनी माझी पेन्सिल घेतली आणि एक आणि उणे सात यांच्या मधल्या फटीत एक शून्य काढलं. ते जाड आणि वाकडं होतं, चुना लावून खूण करावी तसं.

मी पुन्हा केलं. एक. तीन. दोन. शून्य.

बाकी शून्य आली, आणि मला आनंद झाला नाही. मी ते पान बघत उभी राहिले. सात पानं मी आकडे अचूक गुणले होते. एकदाही चुकले नव्हते. फक्त जे पद नव्हतं त्याच्या जागेवर शेजारचं पद सरकवून पुढं चालले होते.

तेवढ्यात आत्यानं दारातून हाक मारली. ‘दूध बघ गं, वर यील.’ आणि मग पप्पांकडं वळून, अगदी मायेनं, ‘पण काय म्हण, किती पटकन सगळं अंगावर घेतलं हिनं. आईची जागा भरून काढली बघ पोरीनं.’

पप्पांच्या हातात अजून पेन्सिल होती. मी दूध उतरवलं. त्यांनी वहीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

‘परीक्षा कधी हाय तुझी?’

‘सोमवारपासून.’

‘मला का सांगितलं न्हाईस?’

‘तुम्ही विचारलं नाही.’

ते थोडा वेळ तांब्या पुसत राहिले. तो कोरडाच होता. मग म्हणाले, ‘सोमवारपास्नं माझा डबा करू नको.’

‘मग खाणार काय?’ आत्या खुर्चीतून अर्धी उठली. ‘कँटीनचं? पोटाचा त्रास हाय न्हवं तुला?’

‘बघतो की.’

‘पोरीच्या शाळंपायी उपाशी मरणार व्हय?’

‘मेलो तर वह्या वाट माझ्या नावानं,’ पप्पा म्हणाले.

आत्या रविवारच्या एसटीनं जयसिंगपूरला गेली. जाताना तिनं माझ्या हातात लसणीच्या चटणीची बरणी दिली आणि ‘पेपर नीट लिव’ म्हणाली. तिचा राग होता, पण तो माझ्यावर नव्हता असं आता वाटतं. तिच्या वेळी डबा नको म्हणणारं कुणी नव्हतं.

सहामाहीत गणितात मी काठावर पास झाले. संध्याकाळचा स्वयंपाक पुढची अनेक वर्षं माझ्याकडेच राहिला. बारावीत, कॉलेजात, कधीही दार उघडलं की आधी ओटा दिसायचा आणि छातीवर काहीतरी येऊन बसायचं. ते अजूनही बसतं. पण सकाळ माझी होती. साडेपाचला उठून मी अभ्यास करायची आणि पप्पा आपलं आपण आवरून, रिकाम्या हातानं, पुलाकडं चालत जायचे.

मी आता एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते. पप्पांची नोकरी दोन वर्षांची उरली आहे. ते अजून कँटीनमध्येच जेवतात. तीन पुडांचा तो डबा फळीवर आहे. तो कुणी भरत नाही.